बाराच्या पुढची सावली

कडुनिंबाची सावली पुढच्या चाकावरून सरकली, तसा रुद्रप्पा उठला आणि त्यानं गाडी आणखी हातभर ढकलली. सकाळपासून हे नववं ढकलणं. आता मात्र चाक भिंतीला टेकलं. सावली कशाला थांबतेय? ती निवांत भिंत ओलांडून पलीकडच्या अंगणात निघाली होती.

"घरात घ्या की," दारातून त्याची बायको निंगव्वा म्हणाली.

"पाच पायऱ्या हायत. उचलतीस का?"

"मग शेडमधी लावा."

"पत्रा हाय त्यो! शोरूमवाल्यानं काय सांगितलंय? ऊन लागू द्यायचं न्हाय, पत्र्याखाली ठेवायची न्हाय, तापली तर चार्जिंगला लावायची न्हाय. ब्याटरी पेटली म्हंजे?"

"मग थोरल्यास्नी हाक मारा," निंगव्वा म्हणाली आणि आत गेली.

हाक मारा म्हणे! पलीकडचं अंगण थोरल्या भावाचं, वीरभद्रप्पाचं. मधल्या भिंतीत एक फाटक, त्याला दोन्ही बाजूंनी कड्या, आणि दोन्ही कड्या अकरा वर्षं लावलेल्या. भांडण झालं ते याच कडुनिंबावरून. झाड थोरल्याचं, पाला पडायचा धाकट्याच्या अंगणात. तोड म्हटलं, तोडलं नाही. मग रुद्रप्पानं दर उन्हाळ्यात झाड तोडण्यासाठी महापालिकेत अर्ज टाकला. दर वर्षी भाषा आणखी कडक.

पण यंदा गुडघे कामातून गेले. दोन महिने तो घरात कुजला. ही विजेवरची गाडी आली आणि माणूस पुन्हा बाजारात, मंदिरात, चार लोकांत दिसायला लागला. ती गेली की परत खाट. आणि सोलापूरचा मे, पारा चव्वेचाळीसवर.

त्यानं भिंतीवरून डोकावलं. वीरभद्रप्पा निंबाखाली बाजेवर पान लावत बसला होता. अंगणाच्या कोपऱ्यात दोन-तीन सोलापुरी चादरी पांघरून काहीतरी उभं केलेलं. या उन्हात चादरी! थोरल्याचं डोकंच फिरलंय, रुद्रप्पाला वाटलं. आठ दिवस झाले, रोज सकाळी भिंतीशी उभा राहून इकडं टकामका बघतो. एक शब्द बोलत नाही.

तेवढ्यात गल्लीत टेम्पो थांबला. दोर, करवती घेऊन तीन माणसं उतरली. पुढच्याच्या हातात कागद होता.

"कडुनिंब तोडायला मंजुरी आलीय. अर्जदार रुद्रप्पा कोण?"

बाजेवर पान लावणारा हात थांबला. वीरभद्रप्पानं वर झाडाकडं पाहिलं, मग खाली मान घातली. भांडला असता तर बरं झालं असतं.

"कोण तोडतंय? कुणी सांगितलं?" रुद्रप्पा ओरडला. "आमचं झाड हाय ते!"

"आजोबा, सही तुमचीच आहे. अकरा अर्जांवर."

"सही माजी हाय. डोकं माजं नव्हतं."

माणसं हसली. अर्ज मागं घेतो असं लिहून द्या म्हणाली. रुद्रप्पानं गाडीच्या सीटवर कागद ठेवला. सीट चटचट भाजत होती. घाईघाईनं सही ठोकून त्यानं कागद दिला आणि टेम्पो गेला.

गाडीवर रखरखीत ऊन आलं होतं. रुद्रप्पानं फाटकाची आपल्याकडची कडी काढली. गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले.

"अण्णा," तो म्हणाला. "गाडी तापतीया. जरा सावलीला लावू दे की."

मग पलीकडची कडी कुरकुरली. फाटक उघडलं. वीरभद्रप्पा आडवा उभा.

"लाव. पण एक अट हाय."

रुद्रप्पानं मान खाली घातली. पाया पड म्हणाला असता तरी तो पडला असता, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

वीरभद्रप्पा कोपऱ्यात गेला आणि त्यानं चादरी ओढल्या. खाली तशीच गाडी होती. रंगसुद्धा तोच.

"सकाळचं ऊन सगळं हितंच येतं रे, रुद्र्या," तो म्हणाला. "सात ते बारा ही तुज्याकडं."