अभ्रा

अनुराग गुडगावजवळ मानेसरच्या बॅटरी कारखान्यात पावडर मिसळायच्या कामावर आहे. कार्बनच्या नळ्यांची काळीकुट्ट पावडर, एकेक नळी केसाहून हजारपट बारीक. "चिमूटभर घातली ना आई, की बॅटरीचं आयुष्य वाढतं. काय चीज आहे!" हे सांगता सांगता त्याला खोकल्याची ढास लागते. गुडगावची धूळ, दुसरं काय, असं म्हणत हेमलताबाई त्याला हळदीचं दूध देतात.

आज उशांचे अभ्रे धुताना मात्र त्या सुनेवर चिडल्याच. "संपदा, किती वेळा सांगू गं? काजळ पुसून झोपत जा. घासून घासून हात दुखले, डाग काही निघत नाही."

संपदाने ओला अभ्रा हातात घेऊन उलटून पाहिला.

"आई, मी रोज काजळ पुसूनच झोपते. हा अभ्रा अनुरागच्या उशीचा आहे."