राखीव

आजही भक्ती मॅचभर बाकावरच होती. बसून बसूनच ती शिणली होती. त्यात नेटबॉलच्या राज्य संघात सरांचा नियम असा, की जिला खेळायला मिळालं नाही, तिनं मॅच संपल्यावर मैदानाला फेऱ्या मारायच्या. मेहनत सगळ्यांची सारखी झाली पाहिजे. खेळलेल्या पोरी बूट काढून सावलीला टेकल्या, आणि ती पळू लागली.

बोरीहून तिचा खेळ बघायला निघालेल्या तिच्या वडिलांना, अप्पांना, गाडी उशिरा मिळाली. ते आत्ता कुठं पोचले होते. टोपीनं घाम पुसत शेजारच्या माणसाला सांगत होते, "बाकीच्या दमून बसल्या बगा. आमची भक्ती एकटीच खेळायली अजून."

पळता पळता तिनं ते ऐकलं. पाय भरून आले होते. शेवटची फेरी संपली तशी ती सरांजवळ गेली.

"सर, अजून एक मारू का?"