नावावर माउस नेला की

मालेगावातल्या एका मंडळासाठी पौर्णिमाने रक्तदात्यांची वेबसाइट बनवली. नावावर माउस नेला की छोट्या चौकटीत रक्तगट दिसायचा आणि क्लिक केलं की फोन नंबर. अध्यक्ष बापूराव खूश झाले. मग हळूच म्हणाले, "पोरी, त्या चौकटीत समाजबी दिसू दे."

"काहून? रक्ताले समाज असते काय, काका?"

"मले काई नाही बापा. पन लोकं आधी तेच पाह्यतेत, मंग क्लिक करतेत."

तिला शिसारी आली. "हे माह्याच्यानं होणार नाही," म्हणत तिने लॅपटॉप मिटला आणि ती उठली.

उरलेलं काम तिच्याच धाकट्या भावाने, अनुपने घेतलं. "ताई, मी नाही केलं तर दुसरं कोनी करीन," एवढंच तो म्हणाला. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

वेबसाइट सुरू झाली तेव्हा तिने ती उघडली. ज्या नावावर माउस नेई, तिथे रक्तगट दिसे आणि त्याखाली समाज. एकेक चौकट पाहत ती यादीत खाली गेली.



यादीत अनुपचंही नाव होतं. त्याच्या चौकटीत मात्र नुसता रक्तगट होता.