भरलेले रकाने

नवऱ्याच्या तळपायाला हात लावला आणि हेडबाईचा हात तिथंच राहिला. पाय गार, कपाळ तापलेलं, श्वास डोंगर चढून आल्यासारखा. पित्ताचे खडे काढून आज तिसरा दिवस होता.

शाळा तिची दुसरीतच सुटलेली, पण घरात सगळ्यांचे कान तिच्या हातात, म्हणून हेडबाई हे पडलेलं नाव. सकाळपासून तीनदा तिनं सिस्टरला सांगून पाहिलं होतं. सिस्टर दोन, खाटा बत्तीस. ‘आलेच आजी’ म्हणून जी जायची, ती गेलीच.

मुलगा खुर्चीत मोबाइल चोळत बसला होता. त्याचं म्हणणं, हे काही लुंगंसुंगं हॉस्पिटल नाही. दारातच दर्जाचं प्रमाणपत्र लावलंय, विम्याच्या यादीत याचंच नाव वर आहे. आणि खाटेला चार्ट लटकवलाय, त्यावर सगळं नॉर्मल आहे.

“चार्टला घाम सुटत नाही,” हेडबाई म्हणाली. “तुझ्या बापाला सुटलाय.”

तिनं चार्ट काढून घेतला. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण आकड्यांत तिला आजवर कोणी फसवलेलं नव्हतं. वर वेळ, खाली ताप, त्याखाली नाडीचे ठोके. सकाळचे सहा, दहा. मग दोन, सहा आणि रात्रीचे दहा. सगळे रकाने भरलेले, एकाच हातानं, एकाच शाईनं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे पावणेबारा वाजत होते.

आपलंच काही चुकतंय, असं वाटून तिनं चार्ट मुलाला दिला. त्यानं वाचला, परत वाचला. मग त्यानंही घड्याळाकडे पाहिलं.

हेडबाई उठली आणि सिस्टरला मनगटाला धरूनच घेऊन आली. पोरगी पंचविशीची, डोळ्यांखाली काळं. चार्ट पाहून तिचा चेहरा उतरला.

“आजी, आज तपासणीची माणसं येणारेत,” ती हळूच म्हणाली. “रकाना रिकामा दिसला तर आमची नोकरी जाते. सगळ्यांचेच भरलेत.”

“सगळ्यांचे?”

सिस्टरची नजर म्हाताऱ्याच्या निळ्या ओठांवर गेली आणि ती डॉक्टरांना हाका मारत पळाली.

पडदा ओढला गेला. आत डॉक्टर छाती दाबत होते, कोणीतरी मोठ्यानं आकडे मोजत होतं. मुलगा भिंतीला टेकला. हेडबाई चार्ट छातीशी धरून पडद्याबाहेर उभी राहिली.

तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यांतली तीन माणसं वॉर्डात शिरली. त्यातल्या एकानं ‘बघू जरा, आजी’ म्हणत तिच्या हातातला चार्ट घेतला. रिकामी जागा शोधत बोट फिरवलं. घड्याळाकडे काही पाहिलं नाही. नोंदी अगदी चोख आहेत, असं सोबतच्याला सांगून त्यानं आपल्या कागदावर खूण केली.

पडद्याआडचं मोजणं थांबलं. कोणी पुन्हा सुरू केलं नाही.

हेडबाईनं चार्टच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“साहेब, इथं रात्री दहापर्यंत जिवंत आहेत ते,” ती म्हणाली. “तेवढं आत जाऊन सांगा त्यांना.”