सोळा इंची टायर

शेषरावांच्या जुन्या जावा मोटरसायकलचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. गाडीशिवाय आठवडी बाजारात कापड न्यायचं कसं? आर्वी, वर्धा, नागपूर, सगळं पालथं घातलं. जिथंतिथं एकच उत्तर, "काका, हे माप आता येतच नाई."

तेवढ्यात तळेगावचे नत्थूजी अपघातात गेल्याचं कळलं. आसपास तशी जावा फक्त त्यांच्याकडेच होती.

शेषराव भेटायला गेले. हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडले, पण जीव सगळा अंगणातल्या गाडीत अडकलेला. लाज गिळून टायरचं विचारणारच होते, तोच नत्थूजींची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली,

 

"हे तुमच्याकडेच यायले निघालते भाऊजी. 'शेषरावजवळ एखादा बरा टायर असन' म्हणे. वळणावरच घसरली गाडी."