गच्चीवरचे पापड

"शेवटची कथा लिहून नऊ वर्षं झाली! एक ओळ सुचू नये?" मृदुलाताईंनी सकाळपासूनचं सहावं पान चुरगाळलं. दिवाळी अंकाला कथा कबूल करून बसल्या होत्या आणि आता संपादकांचा फोन उचलायची सोय उरली नव्हती.

बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी गद्रे. "ताई, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, एवढी सूचना खरडून द्या. तुमच्या तर हातचा मळ!"

नऊ वर्षं ह्या सूचनाच तेवढ्या लिहून घेतल्या मेल्यांनी! गद्र्यांना दारातच ताटकळत ठेवून त्या तणतणत टेबलाशी बसल्या. 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. कारण ते उलटायला गेलेल्या बाईला मग खाली यावंसंच वाटत नाही...' पेन थांबेचना.

कंटाळून गद्रे आत आले आणि भरलेली दोन पानं वाचू लागले. "अहो, हे फळ्यावर कसं लावू?" मग त्यांचा आवाज उतरला. "पण... ती खाली येते की नाही शेवटी?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे!" ताईंनी पानं हिसकावली. "लिहू द्याल तर कळेल ना! निघा आता."