तळ्यावरची सकाळ

"मृत्युपत्र केलंत, तर ही तळ्यावरची आठवण तुमच्या पश्चात मुलीला मिळेल. बक्षीसपत्र केलंत, तर आत्ताच, पण मग ती तुमच्यापाशी उरणार नाही," वकीलबाईंनी बजावलं.

"मी गेल्यावर या पोरीचा चेहरा मला कसा दिसणार?" म्हणत अण्णांनी बक्षीसपत्रावर सही केली.

शारंगीच्या डोळ्यांत हिरवं पाणी हळूहळू पसरलं. अण्णांच्या नजरेतून तिला दिसली चार वर्षांची ती स्वतः, त्यांच्या तळहातांवर तरंगणारी. पण किती घाबरले होते अण्णा! तिला कधी कळलंच नव्हतं.

"रडतेस काय, वेडाबाई? काय दिसलं?"

"तुम्ही मला पोहायला शिकवत होतात."

"मी?" अण्णा गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलासारखे पुढे सरकले. "मग? बुडालीस?"

"नाही, अण्णा. खाली तुमचे हात होते."